बाड, साभार परत आणि दहा टक्के

मराठी कादंबरीकाराचे अर्थशास्त्र बसच्या तिकिटाच्या मागच्या बाजूला मावते. तीनशे पानांची कादंबरी, किंमत चारशे रुपये, पहिली आवृत्ती पाचशे प्रतींची, रॉयल्टी दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाच्या हाती वीस हजार रुपये. लिहायला दोन वर्षे लागली आणि त्या काळात लेखक रोज दहा रुपयांचे तीन कप चहा प्याला असे धरले, तर चहाचेच एकवीस हजार नऊशे होतात.

हा हिशेब नवोदितांना घाबरवण्यासाठी नाही. उलट, तो एकदा नीट समजला की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. ज्या धंद्यात पैसाच नाही, त्यात कुणाच्या मागणीनुसार लिहिण्याचे कारण उरत नाही. आणि ज्या पुस्तकातून लेखकाला वीस हजार मिळण्याची मारामार, त्याच पुस्तकासाठी कुणी लेखकाकडेच साठ हजार मागू लागला, तर कोण कुणाच्या जिवावर जगतो आहे हे कळायला वेळ लागत नाही.

म्हणूनच मराठीतल्या मोठ्या कादंबरीकारांच्या चरित्रात एक ओळ हमखास सापडते: नोकरी. हरी नारायण आपटे पुण्यात आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था पाहत होते आणि जोडीला नगरपालिकेचे राजकारणही करत होते. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये होते, म्हणजे त्यांच्या कादंबऱ्यांतली गारंबी आणि तुंबाड ही गावे शहरातल्या बस-विजेच्या कंपनीत बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात वाढली. जयवंत दळवी अमेरिकेच्या माहिती खात्याच्या मुंबईतल्या कचेरीत, शिवाजी सावंत कोल्हापूरच्या शाळेत, भालचंद्र नेमाडे कॉलेजात, अरुण साधू वर्तमानपत्रात, विश्वास पाटील सरकारी सेवेत. ‘आता राजीनामा देऊन पूर्ण वेळ कादंबरीच लिहितो’ असे म्हणणाऱ्याला या यादीतल्या कुणीही आधी चहा पाजला असता आणि मग रजेचा अर्ज कसा लिहावा ते शिकवले असते.

केवळ लेखणीवर संसार चालवायचा तर बाबूराव अर्नाळकरांचा वेग हवा. झुंजार आणि काळा पहाड यांच्या या जनकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. एक संपवली की दुसरी, दुसरी संपेपर्यंत तिसरीचे नाव ठरलेले. ज्यांना पहिल्या प्रकरणाचे पहिले वाक्य गेल्या पाडव्यापासून सुचत नाही, त्यांनी हा मार्ग मनातून काढलेला बरा.

तर मग लिहायचे काय? इथे नवोदितांचा पहिला घोटाळा होतो. ‘कोसला’ 1963 साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला आला, वसतिगृहात राहिला, अभ्यासाचे वाटोळे करून सांगवीला परतला; आणि त्याच्या मागोमाग मराठीत अशा सांगवीकरांची रीघ लागली. अजूनही प्रकाशकांकडे येणाऱ्या बाडांत एक तरी बाड असे असते, ज्यातला नायक होस्टेलच्या गच्चीवर उभा राहून सगळ्याला फालतू म्हणत असतो. चार वर्षांनी, 1967 मध्ये शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण यांनी आपापल्या तोंडून गोष्ट सांगितली आणि पुराणातल्या उपेक्षितांना वकील मिळाला. तेव्हापासून महाभारतातले बहुतेक सगळे जण आपली कैफियत मांडून मोकळे झाले आहेत. कर्णाच्या रथाचे चाक तेवढे राहिले आहे, पण त्याचाही नंबर फार लांब नसावा.

कथानक उचलायला हरकत नसते. जगात कथानके आहेतच किती? उचलता येत नाही ती भाषा. ‘कोसला’ची गंमत होस्टेलमध्ये नाही, ती त्या पोराच्या बोलण्याच्या तऱ्हेत आहे, आणि ती तऱ्हा नेमाड्यांनी खानदेशातून आणली होती. उद्धव शेळक्यांनी ‘धग’मध्ये (1960) कौतिकच्या तोंडी वऱ्हाडी घातली ती चव म्हणून नाही. ती बाई दुसऱ्या कुठल्या बोलीत जगूच शकली नसती. ज्याच्या आजीची भाषा घाटावरची आहे त्याने नायिकेला उगाच मालवणी बोलायला लावू नये. सिंधुदुर्गातला वाचक तिसऱ्या वाक्यालाच ओळखतो, आणि मग तो ते गावभर सांगतो.

लांबीबद्दल नवोदितांच्या मनात एक विचित्र आदर असतो. कादंबरी म्हणजे जाडजूड, ही समजूत बहुधा लग्नात भेट देण्याच्या प्रथेतून आली असावी. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) एका बैठकीत संपते आणि तिच्यातला दुष्काळ आयुष्यभर पुरतो. उलट पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ (1987) दोन जाड खंडांत पसरली आहे, पण तिला चार पिढ्यांचे खोत सांभाळायचे होते. ती आली तेव्हा पेंडसे पंचाहत्तरीला टेकले होते, हेही लक्षात ठेवावे. चाळिशी उलटली म्हणून कादंबरीचा नाद सोडणाऱ्यांनी तर विशेष. आणि लिहायला वेळ लागतो म्हणून कुढणाऱ्यांनी नेमाड्यांची ‘झूल’ (1979) आणि ‘हिंदू’ (2010) यांच्या मधली एकतीस वर्षे मोजावीत.

प्रकाशक मात्र पाने मोजतो ती वेगळ्या हिशेबाने. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांत छापले जाते. एकेक फॉर्म वाढला की कागद, छपाई, बांधणी वाढते, किंमत वाढते आणि ग्राहक पुस्तक उलटेपालटे करून परत ठेवतो. नव्या लेखकाचे सहाशे पानांचे बाड पाहून संपादकाचा चेहरा पडतो तो साहित्यिक कारणाने पडतोच असे नाही. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (1988) जाडजूड असूनही तुफान खपली, हे खरे. पण पानिपतात काय झाले हे मराठी माणसाला दोन शतकांपासून जाणून घ्यायचे होते. नवोदिताच्या चाळीतल्या बालपणाबद्दल ही उत्सुकता गृहीत धरता येत नाही.

सगळ्यात जास्त मेहनत असते ती ‘समाप्त’ लिहिल्यानंतरची, आणि तीच बहुतेकांना नको असते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ‘सत्यकथे’चे संपादन करत होते तेव्हा लेखकांना त्यांची सविस्तर पत्रे जात. कुठे पात्र खोटे वाटते, कुठला प्रसंग अनावश्यक आहे, शेवट कुठे ओढूनताणून आणला आहे, हे त्यांत लिहिलेले असे. कथा दोनदा, तीनदा लिहून घेतली जाई. काही लेखक यामुळे घडले, काही चिडले. 1969 मध्ये तर लघुनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी केली. मासिक 1982 साली बंद पडले. होळी करण्याजोगे वजन असलेला संपादक आज मिळणे दुर्मीळ, हे मात्र त्या होळीत सामील झालेल्यांनाही मान्य व्हावे.

आजच्या बऱ्याच प्रकाशन संस्थांत बाडावर असे काम करणारा माणूसच नसतो. आलेला मजकूर अक्षरजुळणीला जातो, मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ पाहतो आणि पुस्तक बाहेर पडते. तेव्हा संपादक लेखकालाच शोधावा लागतो. तो बायको, नवरा, सख्खा भाऊ किंवा ऑफिसातला हाताखालचा माणूस नसावा. या सर्वांना कादंबरी आवडते. जो माणूस भरपूर वाचतो, लेखकाला काही देणे लागत नाही आणि ‘पहिली चाळीस पाने फाडून टाक’ असे तोंडावर सांगतो, तो योग्य. पहिल्या कादंबरीची गोष्ट बहुधा तिसऱ्या प्रकरणात सुरू होते. त्याआधी असतो तो पाऊस, स्टँडवरची गर्दी आणि नायकाचे खिडकीतून बाहेर बघणे.

शुद्धलेखनाचीही एक गंमत आहे. ‘मी आशयाचा लेखक आहे, ऱ्हस्व-दीर्घ प्रकाशक बघेल’ असे सांगणारे पुष्कळ. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आहेत अवघे अठरा: चौदा 1962 साली केलेले आणि चार 1972 साली जोडलेले. कादंबरी लिहायला दोन वर्षे देणाऱ्याने अठरा नियमांना दोन संध्याकाळ द्यायला हरकत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा. जुन्या खासगी फॉन्टमध्ये रात्रंदिवस टाइप केलेली कादंबरी दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की चौकोन आणि स्वल्पविराम यांचे प्रायोगिक काव्य होते.

आता पाठवायचे कुठे? नवोदित एकच मजकूर वीस ठिकाणी पाठवतो, त्यांत दोन पाककृतींचे, एक स्पर्धा परीक्षांचे आणि एक पंचांगाचे प्रकाशक असतात. साधा उपाय असा: आपल्याला आवडलेल्या गेल्या दहा वर्षांतल्या पाच कादंबऱ्या घ्याव्यात आणि त्या कुणी काढल्या ते बघावे. मौज, पॉप्युलर, राजहंस, मेहता, लोकवाङ्मय गृह, प्रत्येकाची आवड वेगळी आहे आणि ती त्यांच्या पुस्तकांच्या यादीत स्पष्ट दिसते. पत्र एका पानाचे पुरे. त्यात कादंबरी कशाबद्दल आहे, किती शब्दांची आहे आणि लेखक कोण आहे एवढे असावे. ‘ही कादंबरी मराठी साहित्याला नवे वळण देईल’ हे वाक्य संपादकांनी इतक्या वेळा वाचलेले असते की वळणावळणाचा घाटच झाला आहे.

मग थांबायचे. पूर्वी नकार आला तर ‘साभार परत’ असा शेरा घेऊन पाकीट घरी येई आणि पोस्टमनसकट सगळ्या वाड्याला कळे. आता उत्तरच येत नाही. सहा महिने वाट पाहावी, एकदा नम्रपणे विचारावे, आणि मग दुसऱ्या दाराशी जावे. अध्येमध्ये फोन करून ‘वाचली का?’ विचारणे टाळावे. न वाचलेला संपादक चिडतो आणि वाचलेला जास्त चिडतो.

एक दार मराठीचे खास आहे, ते म्हणजे दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचक फराळासोबत साहित्य वाचतो. आपट्यांच्या काळी त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’मधून हप्त्याहप्त्याने येत असे. (हप्तेबंदीचा तोटाही त्यांनीच दाखवला, त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या.) आजही काही अंक लघुकादंबरी छापतात. मानधन थोडे, पण वाचक ताबडतोब मिळतो आणि त्यांत प्रकाशकही असतात. मजकूर मात्र पावसाळ्यातच पोहोचायला हवा. घटस्थापनेला पाकीट घेऊन निघालेल्याला पुढच्या वर्षीच्या दिवाळीचे आमंत्रण मिळते.

आणि मग तो फोन येतो. ‘तुमची कादंबरी आमच्या निवड समितीला अतिशय आवडली. फक्त लेखकाचा थोडा सहभाग अपेक्षित आहे.’ सहभाग म्हणजे पैसे. त्या बदल्यात मिळतात शे-दोनशे प्रती, एक आयएसबीएन क्रमांक आणि एक स्मृतिचिन्ह. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात लाज काहीच नाही. मराठीत पदरमोड करून निघालेली चांगली पुस्तके आहेत. पण मग उघडपणे छापखान्यात जावे, तिघांकडून दर घ्यावेत आणि प्रती स्वतःच्या ताब्यात ठेवाव्यात. आयएसबीएनसाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर त्याला हात जोडावेत. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था फुकट देते, आणि लेखकालाही थेट देते. किंडलवर मराठी पुस्तक चढवायलाही पैसे लागत नाहीत. शिवाय राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिचा अर्ज भरायला कंटाळा करणारे लोक बँकेचे कर्ज काढून कादंबरी छापतात, हे कोडे सुटण्यासारखे नाही.

खरा प्रकाशक मिळाला की लेखक इतका हरखतो की कागदावर सही न करताच पेढे वाटतो. मराठीत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शब्दावर पुस्तके निघाली आणि त्यातली बरीच भांडणे त्याच पिढ्यांनी वारसांना दिली. कायदा मात्र लेखकाच्या बाजूने बराच बोलतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कादंबरी लिहून झाली की हक्क आपोआप लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभर काहीच केले नाही, तर करारात वेगळे म्हटलेले नसल्यास तो हक्क लेखकाकडे परत येतो.

‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ अशी ओळ दिसली की तिथे पेन खाली ठेवावे. छापील पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे वेगवेगळे हक्क आहेत आणि ते वेगवेगळे देता येतात. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर चित्रपट आला तो 2013 मध्ये, कादंबरीनंतर तीन दशकांनी. साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधून ‘सिंहासन’ हा चित्रपट घडला, दळवींच्या ‘चक्र’मधून हिंदी ‘चक्र’ आला, मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ही पडद्यावर गेली. चित्रपटाचा हक्क फुकटात दिला असेल तर पुढे लेखकाला मिळतो तो पहिल्या खेळाचा पास. रॉयल्टीचा हिशेब वर्षातून कधी मिळणार, आणि ग्रंथालयांना घसघशीत सवलतीत विकलेल्या प्रतींवर ती छापील किमतीवर की प्रत्यक्ष मिळालेल्या पैशावर, हेही लिहून घ्यावे. मराठी कादंबरीच्या खपाचा मोठा भाग गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांतूनच होतो, त्यामुळे हा प्रश्न किरकोळ नाही.

प्रकाशन समारंभाबद्दल थोडक्यात. पाहुणे ‘पुस्तक कालच हाती पडले’ असे म्हणून सुरुवात करतात आणि पुढची चाळीस मिनिटे त्या विधानाचा पुरावा देतात. जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांच्या अशा हौसेची वर्षानुवर्षे टोपी उडवत, आणि वसंत सरवटे त्याला साजेशी चित्रे काढत. ज्यांची टोपी उडाली ते खासगीत खूश असत, असे म्हणतात. समारंभाच्या खर्चात शंभर प्रती चांगल्या वाचकांना पाठवता येतात, पण मग शाल मिळत नाही.

वाद ओढवला तर? तोही मराठी कादंबरीला नवा नाही. विभावरी शिरूरकर या टोपणनावामागे कोण, यावरून तिसाच्या दशकात महाराष्ट्र ढवळून निघाला होता. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वरचा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये लेखक सुटला. आनंद यादवांना ‘संतसूर्य तुकाराम’वरून उठलेल्या वादळात 2009 च्या महाबळेश्वर संमेलनाच्या अध्यक्षपदावर पाणी सोडावे लागले. वादाने पुस्तक खपते, असे सांगणाऱ्यांनी यादवांना झालेला मनस्ताप हिशेबात धरलेला नसतो. मुद्दाम वाद उकरून काढणे हे विक्रीचे तंत्र म्हणून भिकार आहे.

राहिला खप. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मौजेने 1974 मध्ये काढली. आज ती मराठीतल्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत मोजली जाते, पण तिची पहिली आवृत्ती संपायला दोन दशकांहून अधिक काळ गेला, असे नगरकर स्वतः सांगत. पुढे ते इंग्रजीत लिहू लागले आणि ‘ककल्ड’ला 2000 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हा पहिल्या वर्षी सत्तर प्रती खपल्या म्हणून कुणी खचू नये. नातेवाइकांच्या वजा करून सत्तर असतील तर ती चांगली सुरुवात आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडशांच्या नावाने वेगळा पुरस्कार आहे. प्रवेशिका मागवतात तेव्हा ती भरावी.

एकही प्रत खपली नाही, तरी कादंबरी चार ठिकाणी पोहोचते. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती प्रकाशकाने तीस दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना द्यायच्या असतात. त्या पाठवल्या का, एवढे लेखकाने प्रकाशकाला जरूर विचारावे, आणि पोच मागून घ्यावी.